अरुंद मोरीची बाजू

न्हाणीघर सोयीचे करायचे तर जागा हवी आणि पैसा हवा, हे मत आपल्याकडे इतके पक्के आहे की त्यावर वाद घालायची कुणाला गरजच वाटत नाही. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या दाट वस्तीत तर त्यापुढे बोलणेच खुंटते. चार फुटांच्या मोरीत आधाराचे दांडे कुठे लावणार? त्यापेक्षा चांगल्या टाइल्स बसवाव्यात, सामान माळ्यावर टाकावे आणि म्हातारपणाचे म्हातारपणी बघावे, असे सांगितले जाते.

या मतातले खरे आधी मान्य करू. चाकाची खुर्ची पूर्ण वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. राष्ट्रीय इमारत संहितेला मात्र १.२ मीटर रुंदीचे, १.८ चौरस मीटरचे न्हाणीघर पुरेसे वाटते. म्हणजे नियमात चोख बसणाऱ्या फ्लॅटमध्येही ती खुर्ची वळेलच असे नाही. खुर्ची वापरणाऱ्यावर हा अन्याय आहे आणि तो दांडे लावून मिटत नाही.

पण म्हणून बाकीच्या सोयी अशक्य ठरत नाहीत. गुडघे धरलेली आजी, दिवस भरत आलेली सून, शस्त्रक्रियेनंतर घरी आलेला माणूस, उठताना चक्कर येणारा रक्तदाबाचा रुग्ण ही सगळी चालती-फिरती माणसे. त्यांना हाताशी आधार लागतो आणि तो देण्यात अरुंद मोरी उजवी ठरते, कारण तिच्या दोन्ही भिंती हाताच्या टप्प्यात असतात. प्रशस्त न्हाणीघरात ओल्या फरशीवरून काही पावले निराधार टाकावी लागतात. मात्र टॉवेलच्या दांडीला आधार समजू नये. ती माणसाचा भार पेलत नाही. दांडा विटेच्या भिंतीत खोल बोल्टने बसवावा. भिंत पत्र्याची असेल तर फरशीत पक्का रोवलेला उभा जीआय पाइप घ्यावा.

साठवणीचा खरा प्रश्न साबण-शांपूचा नाही, पाण्याचा आहे. अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी पुरवते. ते ठरलेल्या वेळी येते, म्हणून पिंप भरून ठेवावे लागते. जमिनीवरचे पिंप निम्मे रिकामे झाले की वाकून आत हात घालावा लागतो, आणि वीस लिटरची भरलेली बादली उचलायची म्हणजे वीस किलो ओझे. पिंप दीड-दोन फुटांच्या पक्क्या ओट्यावर ठेवून तळाशी तोटी बसवली तर बादली तोटीखालीच भरते. दोनशे लिटरचे पिंप भरल्यावर दोनशे किलोंहून जड होते, म्हणून ओटा विटांचाच हवा आणि डासांसाठी वर घट्ट झाकण हवे. रोजच्या वस्तू गुडघ्याच्या वर, खांद्याच्या खाली असाव्यात. उंच फळी ॲसिड-फिनेलसाठी ठेवावी, कारण तिथे मुलांचा हात पोचू नये हेच आपल्याला हवे असते.

नळ मुठीने पिळायचा न घेता दांडीचा घ्यावा. साबणाच्या हाताने किंवा कोपराने तो उघडतो. दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगानेच ते अडते. म्हणून ते बाहेर उघडावे, बाहेर बोळ असेल तर सरकते करावे, आणि कडी बाहेरूनही काढता यावी.

आता ‘म्हातारपणी बघू’ हा आक्षेप. युनिव्हर्सल डिझाइन ही कल्पना मांडणारे अमेरिकी वास्तुरचनाकार रॉनल्ड मेस स्वतः लहानपणी पोलिओ झाल्यापासून चाकाची खुर्ची वापरत. वस्तू व वास्तू शक्य तितक्या सगळ्यांना वापरता याव्यात, वेगळी ‘अपंगांची सोय’ करावी लागू नये, हे त्यांचे म्हणणे होते. बुवापाड्यात ते अधिकच लागू पडते. इथे एकाच मोरीत तीन पिढ्या आंघोळ करतात. ‘आपल्याला लागेल तेव्हा’ ही वेळ घरातल्या कुणाची तरी आजच आलेली असते. शिवाय टाइल्स लागल्यावर दांडा बसवायचा तर त्याच टाइल्सना भोके पाडावी लागतात.

म्हणून मोरीच्या खर्चाचा क्रम उलटवावा. आधी दांडा, ओटा, तोटी आणि दार. उरलेल्या पैशांत टाइल्स, आणि त्याही खरखरीत.