दिल्लीची उन्हाळी निद्रा

मराठी मुलखातून बदली होऊन दिल्लीस आलेल्या माणसाला इथल्या उन्हाळ्याची खरी ओळख दिवसा होत नाही. ती रात्री होते. दिवसा कचेरी असते, कामाच्या रगाड्यात ताप विसरता येतो. परंतु रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावावा, तर तो तव्याला लावल्यासारखा! आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. घाम आम्हांस नवा नव्हता. अंगावर येण्यापूर्वीच घाम सुकवून टाकणारी ‘लू’ मात्र नवी होती. आमच्या शेजारचे नागपूरकर गृहस्थ आमची तगमग पाहून मिस्कीलपणे हसत. अशाच एका रात्री कूस बदलता बदलता मनात आले, की पूर्वी या मुलखात माणसे झोपत तरी कशी असतील? त्या कुतूहलापोटी जे वाचन घडले, त्याचा हा गोषवारा.

आमच्यापूर्वी ही तगमग ज्यांनी लिहून ठेविली त्यांत बाबर प्रमुख होय. एप्रिल १५२६ मध्ये पानिपत जिंकून मे महिन्यात तो आग्र्यास पोहोचला, तो ऐन उन्हाळ्यात. उन्हाने माणसे मरू लागली. सरदारांना काबूलच्या थंड हवेची ओढ लागली आणि ख्वाजा कलां हा त्याचा जिवलग सरदार तर रजा घेऊन परतलाच. येथे बर्फ नाही, थंड पाणी नाही, हमाम नाहीत, अशी कुरकुर बाबराने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. ऊन, सोसाट्याचा वारा आणि धूळ या तिन्ही जाचांवर त्याने एकच उतारा शोधला. तो म्हणजे हमाम. बदलीच्या गावी पाय ठेवताच तेथील हवेला नावे ठेवण्याची आपली परंपरा अशी बरीच जुनी व प्रतिष्ठित आहे!

बाबराचा नातू अकबर याने मात्र कुरकुर न करता व्यवस्था लाविली. अबुल फजलाच्या ‘आईने अकबरी’त तिचा वृत्तांत आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो; म्हणून सोऱ्याच्या पाण्यात भरलेली सुरई फिरवून पिण्याचे पाणी गार करीत. पुढे दरबार लाहोरास गेल्यावर पहाडातून बर्फ येऊ लागले; काही नावांतून, काही गाड्यांतून, काही वाहकांच्या खांद्यावरून. परंतु निद्रेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खस, अर्थात आपला वाळा. वाळ्याच्या मुळ्यांच्या खोल्या उभारून त्यांवर पाणी शिंपण्याची चाल बादशहाच्या आज्ञेने पडली, आणि त्यामुळे भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असे अबुल फजल कौतुकाने सांगतो.

यातील मर्म साधे आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. वारा जितका कोरडा, तितकी वाफ जलद आणि गारवा अधिक. म्हणूनच वाळ्याच्या ताट्या दिल्लीला आणि नागपूरला साधल्या. कोकणच्या दमट हवेत त्यांचा काय उपयोग? आणि म्हणूनच दिल्लीतही आषाढाचे ढग जमले, की आमचा कूलर नुसताच घरघरतो. शेजाऱ्यांच्या मिस्कील हास्याचा उलगडा आम्हांस अकबराच्या दरबारात झाला.

शाहजहानाने १६३९ ते १६४८ या काळात लाल किल्ला बांधविला, तेव्हा महालांमधून पाण्याचा पाट खेळविला आणि रंगमहालाखाली उन्हाळ्यासाठी तळघर ठेविले. सामान्य जनांस पाट कोठला आणि तळघर कोठले? त्यांच्या वाट्याला गच्ची आणि बाज. पण ही योजना बादशाही योजनेहून कमी शहाणपणाची नव्हे. निरभ्र रात्री तापलेली गच्ची आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते; संध्याकाळी तिच्यावर चार घागरी पाणी शिंपडले की काम अधिकच सोपे होते. बाजेच्या विणीतून पाठीखालूनही वारा फिरतो. शिवाय या झोपेसाठी दुसऱ्या कोणाला जागावे लागत नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही जाणून लिहिले आहे. कारण इंग्रजी अमदानीत साहेबाच्या निद्रेसाठी दुसऱ्याची निद्रा मोडावी लागे. छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात जाई, आणि तेथे बसलेला पंखेवाला ती रात्रभर ओढी. उकाडा त्यालाही होता, झोप त्यालाही होती. त्याचा डोळा लागला की पंखा थांबे, साहेब जागा होई, आणि मग लाथ. कित्येकदा त्या लाथेने माणूस दगावला. पाणथरी हिवतापाने आधीच वाढलेली होती म्हणून फुटली, असा बचाव न्यायालयात मांडला जाई आणि आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटे. खुद्द कर्झनला व्हाइसरॉय असताना अशा प्रकरणांत लक्ष घालावे लागले. त्या पंखेवाल्यांनी आपल्या रात्रींविषयी काही लिहून ठेविल्याचे आमच्या वाचनात आले नाही; आहे ते बहुधा खटल्यांच्या कागदांत.

सरकारने स्वतःपुरता तोडगा काढला तो सिमल्याचा. १८६४ पासून सिमला ही उन्हाळ्याची राजधानी झाली. १९०३ मध्ये कालक्याहून आगगाडीही वर चढली. साहेबांबरोबर दप्तरांच्या पेट्या आणि पेट्यांबरोबर कारकून! आमच्या पेशाचे ते पूर्वज थंड हवेत झोपत, पण घरची माणसे पुष्कळदा खाली मैदानातच तळमळत.

१९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्‌घाटन झाले, तोवर विजेच्या पंख्याने व्हरांड्यातील दोरीवाल्याची सुटका केली होती. यंत्राने माणसावर केलेल्या उपकारांची यादी कोणी केली, तर हा उपकार वरच्या ओळीत घालावा लागेल. कारकुनांच्या घरांना अंगणे होती; तेथे ओळीने बाजा पडत. पुढे वाळ्याच्या ताटीलाच जणू पंखा जोडून कूलर झाला, आणि आता वातानुकूलन यंत्र आले. गच्चीवर निजणारे दिल्लीत विरळच राहिले.

गेल्या ज्येष्ठात आम्हीही ते यंत्र बसविले. पहिल्या रात्री गाढ झोप लागली. दुसऱ्या रात्री दूध नासले म्हणून ते टाकावयास खाली उतरलो, तो आमच्या यंत्राची बाहेरची पेटी भट्टीसारखी धगधगत होती, आणि तिच्या झोतात इमारतीचा राखणदार खुर्ची भिंतीपासून दूर ओढून बसला होता. खोलीतली उष्णता यंत्र नाहीशी करीत नाही, बाहेर फेकते, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्या रात्री ते अंगाला लागले. “बाबूजी, आदत हो गई है,” तो म्हणाला. व्हरांड्यातला पंखेवालाही विचारले असते, तर हेच म्हणाला असता.

दुसऱ्याच आठवड्यात पदरचे पैसे घालून ती पेटी आम्ही मागल्या बाजूस, उंचावर हलविली. त्याने दिल्लीचा उन्हाळा कमी झाला नाही, हे आम्ही जाणतो. परंतु राखणदाराची खुर्ची पुन्हा भिंतीला टेकली आहे, आणि आम्हांस झोप बरी लागते.