शंभरातल्या सोळा जणी

1961 च्या जनगणनेत देशातल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे 28 जणी ‘काम करणाऱ्या’ म्हणून नोंदल्या गेल्या. 1971 मध्ये हा आकडा सुमारे 12 वर आला. दहा वर्षांत शंभरातल्या सोळा जणींचं काम गेलं कुठं? शेतात तर निंदणी-खुरपणी पूर्वीसारखीच चालू होती.

याचं उत्तर मला कोष्टकांपेक्षा प्रगणकांना दिलेल्या सूचनांत मिळालं. 1961 ची कसोटी सैल होती. हंगामाच्या बऱ्याचशा काळात रोज तासाभराहून अधिक नियमित काम केलं, की ती बाई कामकरी. 1971 ला प्रश्नच बदलला: मुख्य काम कोणतं? दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाला आपल्याकडे याचं उत्तर काय मिळणार? ‘घरकाम.’ मग लावणीला कंबर मोडेस्तोवर वाकलेली बाईही बिनकामाची ठरली. दुय्यम कामाचा रकाना होता खरा, पण कामकऱ्यांच्या मुख्य बेरजेत तो धरला जात नव्हता.

याच सुमारास दांतवाला समितीनं 1970 च्या अहवालात बजावलं होतं, की आपल्यासारख्या शेतीप्रधान देशात बेरोजगारी एका आकड्यात मांडता येणार नाही. त्यानुसार राष्ट्रीय नमुना पाहणीनं 1972-73 च्या सत्ताविसाव्या फेरीत काम तीन मापांनी मोजलं: वर्षाचं, आठवड्याचं आणि दिवसाचं. वर्षाच्या मापानं ग्रामीण स्त्रियांचा आकडा शंभरात तिसाहून जास्त निघाला. हा फक्त खेड्यांचा हिशेब आहे, पण तेवढ्यानं दरी बुजत नाही. आणि ते वर्ष कोणतं? महाराष्ट्रातल्या दुष्काळाचं. खडी फोडायला बायका रांगेनं बसल्या होत्या. त्यांची नोंद दुष्काळी कामांच्या मस्टरवर होत होती.

1974 च्या ‘समानतेकडे’ या अहवालानं स्त्रिया रोजगारातून बाहेर फेकल्या जात असल्याचा इशारा दिला, तो मुख्यतः जनगणनेच्या आधारे. इशारा खोटा नव्हता. गिरण्या-खाणींतून बायका कमी होतच होत्या. पण त्या घसरणीचा मोठा हिस्सा, माझ्या मते, व्याख्येनं घडवलेला होता.

1981 मध्ये 183 दिवसांची अट घालून ‘मुख्य’ आणि ‘सीमांत’ असे दोन गट केले गेले. घरच्या शेतात बिनमोबदला राबणंही काम धरायचं, हे प्रश्नातच स्पष्ट लिहिलं गेलं ते 1991 मध्ये.