गोधडी : दफ्तराबाहेरचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यातल्या कापडाचा इतिहास लिहायला साधने पुष्कळ आहेत. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. जिल्ह्याचे सरकारी गॅझेटिअर १८८४ मध्ये निघाले. सोलापुरी चादरीला या शतकात भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हेच कापड झिजल्यावर ज्या गोधडीत गेले, ती शिवणाऱ्या बायांचे नाव कुठे लागले नाही.

पांघरुणाच्या व्यवसायातले मुसलमान म्हटले की आपल्याला पिंजारी आठवतो. नदाफ, मन्सुरी ही त्याचीच नावे. धनुकलीवर कापूस पिंजायचा, गादी-रजई भरून द्यायची. या कामाचे दाम मिळत, म्हणून त्याची जमात झाली, आडनाव झाले. गोधडी मात्र घरातली बाई घरासाठीच शिवी. दाम नाही म्हणून तो धंदा नाही; धंदा नाही म्हणून त्याचा इतिहासही नाही.

मोडनिंब हे माढा तालुक्यातले, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. बार्शी लाइट रेल्वेची कुर्डुवाडी-पंढरपूर गाडी १९०६ पासून या बाजूने धावू लागली. भाग ज्वारीचा, कोरडवाहू. अशा मुलखात कापड पैसे मोजून घरात येई. ते फाटले तरी टाकवत नसे.

गोधडीची रीत साधी, नवशिक्या मुलीलाही जमावी अशी. जुने सुती लुगडे धुऊन, वाळवून जमिनीवर ताणून अंथरायचे. त्यावर फाटक्या धोतराचे, सदऱ्याचे तुकडे सुरकुती न पडू देता पसरायचे. वर चांगल्या तुकड्यांचा थर. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब टाके, मग कडेकडेने धावदोरा घालत आत यायचे. टाका सरळ यावा म्हणून मुलीला आधी बाळाचे लहान दुपटे शिवायला देत. जुनी गोधडी विरली की नवीच्या पोटात जाई. म्हणूनच फार जुना नमुना हाती लागत नाही. आजीचे लुगडे नातवाच्या अंगाखाली येते. घराण्याचा वारसा म्हणतात तो हाच.

हिंदूच्या घरातली गोधडी आणि मुसलमानाच्या घरातली गोधडी यांच्या टाक्यांत भेद नाही. दख्खनी बोलणारी घरे तिला गुदडी म्हणतात, एवढेच. सुफी फकिराचा खिरकाही ठिगळांचाच. गरिबीच्या वस्त्राला प्रतिष्ठा देण्याची ही परंपरा जुनी आहे.

शेजारच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी स्त्रिया 'कवंदी' शिवतात. त्यांच्यात मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचा 'फुला' लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. अभ्यासकांनी तिथे जाऊन या कामाची नोंद केली. कवंदी आता संग्रहालयांतही पोहोचली आहे. आपल्या गावांतल्या गोधडीकडे तशी नजर वळायला हवी.

आज साड्या कृत्रिम धाग्याच्या आल्या. त्या घाम टिपत नाहीत आणि गोधडीला ऊबही तशी येत नाही. बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळते. सुती लुगडी नेसलेली पिढी सरत चालली आहे. ज्यांच्या घरी अजून एखादी गोधडी आहे, त्यांनी थोरल्या बाईला जवळ बसवून विचारावे : हा तुकडा कुणाचा, हा टाका कुणी शिकवला? मिळालेले उत्तर तारीख घालून वहीत उतरवावे. आपल्या आयाबायांच्या इतिहासाचे पहिले दफ्तर तेच ठरेल.