बालमंदिरापासून अंगणापर्यंत

वढवाण येथे वकिली करणारे गिजुभाई बधेका यांच्या घरी 1913 च्या सुमारास पुत्रजन्म झाला नसता, तर पश्चिम हिंदुस्थानातील बालशिक्षणाचा इतिहास कदाचित निराळाच लिहावा लागला असता. कारण मुलाला कसे वाढवावे या पित्याच्या चिंतेतूनच ते इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांच्या ग्रंथांकडे वळले, आणि 1916 साली वकिलीला रामराम ठोकून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. 1920 साली तेथे त्यांनी बालमंदिर काढले. तीन वर्षांनी ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली.

त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात धाक आणि लाड असा दुहेरी अंमल चाले. सदऱ्याची गुंडी आई लावी, घास आजी भरवी, आणि पाहुण्यांपुढे मुलाने तोंड उघडले की वडिलांचे डोळे वटारले जात. बालमंदिरात याच्या नेमके उलट होते. गुंड्या लावण्याचा सराव करण्यासाठी तेथे कापड ताणलेल्या लाकडी चौकटी होत्या. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसवायचे दट्टेही होते. दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला, तर तो बसत नसे किंवा सैल बसे, आणि शेवटी एखादा दट्ट्या जागेवाचून उरे, त्यामुळे चूक दाखविण्यास मोठ्या माणसाची गरजच उरत नसे. मुलाची निर्भयता शाबासकीच्या खैरातीतून उपजत नाही, स्वतःची चूक स्वतःला उमगून ती स्वतःच्याच हाताने सुधारण्यातून उपजते, हे या साधनांमागील मर्म होते. मात्र जे बालमंदिरात चार तास कमवावे, ते घरी दहा मिनिटांत गमवावे, हे ध्यानी येताच गिजुभाईंनी पालकांसाठी सतत लेखन केले, आणि ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारे ताराबाईंनी तो विचार मराठी घरांपर्यंत आणला. गुंडी लावणाऱ्या मुलाची वाट पाहत स्वस्थ उभे राहणे, हे आईबापांना मारण्याहून आणि भरविण्याहूनही कठीण जाते, असे मला वाटते.

ताराबाई 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस आल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत राहिल्या, आणि येथे सारा प्रश्नच पालटला. गुरे वळणाऱ्या, धाकटे भावंड कडेवर घेऊन वावरणाऱ्या वारली मुलांना स्वावलंबन शिकविण्याचे काहीच कारण नव्हते. ते त्यांच्या अंगी पुरेपूर होते. सावकार आणि सरकारी अंमलदार यांपुढे पिढ्यान्‌पिढ्या झुकलेल्या आईबापांची ही लेकरे शाळेच्या उंबरठ्याशी मात्र बावरत. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली; हीच अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आली. म्हणजे जे मुलाला आधीपासून ठाऊक होते, तेच विद्येचे साहित्य ठरले, आणि आपले पोर काय करू शकते, हे आईबापांना काम करता करता पाहता आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुराख्यांसाठी कुरणशाळाही भरली.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव सरकारी दप्तरात रुजू झाले. पूरक आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी असा सरंजाम त्या नावाभोवती जमला, आणि तो आवश्यकच होता. परंतु आईबापांच्या देखत मुलाने काही करून दाखविण्याचा भाग त्या नोंदवह्यांत कोणत्या रकान्यात भरावा, हे अद्याप ठरलेले दिसत नाही.