फेरीबोटीने नार्वे : कमी खर्चातील सप्तकोटेश्वर दर्शन

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगीजांनी मोडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्यास आले. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला. देवाची ती वाट आजही जवळजवळ फुकट धरता येते. पणजीहून बसने जुने गोवे, तेथून फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडले की दुसरी फेरीबोट थेट नार्व्याला. पायी प्रवाशाला फेरीबोटीचे तिकीट नाही. खर्च काय तो बसचा. (बसही कदंबाचीच मिळाली तर उत्तम!) बेटावर चाल बरीच पडते, तेव्हा ज्येष्ठांनी उन्हाआधी निघावे. शेवटच्या फेरीची वेळ मात्र धक्क्यावरच विचारून ठेवावी.