झिर्कोनियम–हाफ्नियम विलगीकरण

झिर्कोनियम–हाफ्नियम विलगीकरण : विद्रावातील झिर्कोनियम व हाफ्नियम हे धातू विद्रावक निष्कर्षणाने एकमेकांपासून वेगळे करण्याची औद्योगिक प्रक्रिया. अणुभट्टीत इंधनाच्या आवरणनलिकांसाठी हाफ्नियममुक्त झिर्कोनियम लागते. ते मिळविणे हा तिचा मुख्य हेतू होय.

पार्श्वभूमी : झिर्कोनियमाचा शोध क्लाप्रोट यांनी १७८९ मध्ये लावला. हाफ्नियम मात्र १९२३ मध्ये कोपनहेगन येथे कॉस्टर व हेवेशी यांना क्ष-किरण वर्णपटाद्वारे झिर्कॉन खनिजात आढळले. लँथॅनाइड आकुंचनामुळे दोन्ही धातूंच्या चतुःसंयुजी आयनांच्या त्रिज्या जवळजवळ सारख्या (सु. ०.७२ व ०.७१ अँगस्ट्रॉम) असतात. त्यामुळे निसर्गात ते एकत्र आढळतात. झिर्कॉनमध्ये झिर्कोनियमाच्या तुलनेत हाफ्नियम साधारण २ टक्के असते. घनता मात्र अनुक्रमे सु. ६.५ व १३.३ ग्रॅ./घ. सेंमी. आहे. औष्णिक न्यूट्रॉन शोषण्याचा काटछेद झिर्कोनियमाचा सु. ०.१८ बार्न, तर हाफ्नियमाचा सु. १०४ बार्न असल्याने अणुभट्टीसाठीच्या झिर्कोनियमात हाफ्नियम सर्वसाधारणपणे दशलक्ष भागांत १०० पेक्षा कमी ठेवतात. इतर बहुतेक उपयोगांत ते वेगळे करण्याची गरज नसते.

तत्त्व : धातूच्या कार्बनी व जलीय प्रावस्थांमधील संहतींचे गुणोत्तर म्हणजे वितरण गुणांक. दोन धातूंच्या वितरण गुणांकांचे गुणोत्तर म्हणजे विलगीकरण गुणांक. झिर्कोनियम कार्बनी प्रावस्थेत जाणाऱ्या पद्धतीत हा गुणांक १० धरल्यास एका समतोलात कार्बनी प्रावस्थेतील हाफ्नियमाचे झिर्कोनियमाशी प्रमाण जलीय प्रावस्थेतील प्रमाणाच्या दहाव्या हिश्श्यावर येते. दशलक्ष भागांत २०,००० वरून १०० वर यायचे तर घट २०० पट हवी. म्हणून मिश्रण-निवळण टाक्यांची मालिका लावून दोन्ही द्रव परस्परविरुद्ध दिशांनी वाहवतात.

थायोसायनेट पद्धत : जर्मनीत फिशर यांनी ईथर व थायोसायनेट वापरून केलेल्या कामावर आधारित. १९४९–५० च्या सुमारास अमेरिकेत ओक रिज येथे ती मोठ्या प्रमाणावर वापरात आली. झिर्कोनिल क्लोराइडाच्या आम्लयुक्त विद्रावात अमोनियम थायोसायनेट घालून मिथिल आयसोब्युटिल कीटोनाने निष्कर्षण करतात. हाफ्नियम कार्बनी प्रावस्थेत जाते, झिर्कोनियम पाण्यात उरते. अल्प प्रमाणातला धातूच हलवावा लागतो, हा फायदा. थायोसायनेट व अमोनियायुक्त सांडपाणी आणि विद्रावकाची ज्वलनशीलता हे दोष.

ट्रायब्युटिल फॉस्फेट पद्धत : येथे उलट घडते. नायट्रिक आम्लातून झिर्कोनियमाचे उदासीन नायट्रेट दोन ट्रायब्युटिल फॉस्फेट रेणूंसह केरोसिनमध्ये जाते. हाफ्नियम व बहुतेक अशुद्धी पाण्यातच राहतात. भारतात हीच पद्धत वापरतात. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात तिच्यावर काम झाले आणि १९७१ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये ती उत्पादनात आली. किनाऱ्यावरील वाळूतून मिळालेले झिर्कॉन दाहक सोड्याबरोबर वितळवितात. सोडियम सिलिकेट धुऊन काढून उरलेला भाग नायट्रिक आम्लात विरघळवितात. निष्कर्षणानंतर कार्बनी प्रावस्था नायट्रिक आम्लाने धुतल्यास सोबत आलेले थोडे हाफ्नियम परत जलीय प्रावस्थेत जाते. मग झिर्कोनियम पाण्याने उतरवून घेतात, अमोनियाने अवक्षेपित करतात व भाजून ऑक्साइड मिळवितात. त्याचे क्लोराइड करून मॅग्नेशियमाने क्षपण (क्रोल पद्धत) केल्यावर स्पंज धातू मिळतो. त्यापासून बनलेल्या झिर्कॅलॉय या मिश्रधातूच्या नळ्या तारापूरच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या इंधनाला लागतात.

या पद्धतीतील नेहमीची अडचण म्हणजे ‘क्रड’ : दोन द्रवांच्या सीमेवर साचणारा चिकट गाळ. सिलिका नीट निघाली नसेल तर तो वाढतो, थर निवळत नाहीत आणि महागडा विद्रावक गाळात अडकतो. म्हणून निष्कर्षणाचे यश बऱ्याच अंशी आधीच्या धुण्यावर ठरते. तीव्र आम्लामुळे उपकरणांचे क्षरण, हा दुसरा दोष. दोहोंपैकी कोणती पद्धत किफायतशीर, हे स्थानिक रसायनांच्या किमती व सांडपाण्यावरील निर्बंध यांवर अवलंबून असते.

इतर पद्धती : पोटॅशियमाबरोबरच्या दुहेरी फ्ल्युओराइड लवणांचे आंशिक स्फटिकीकरण (सोव्हिएट संघ), वितळलेल्या लवणांतील क्लोराइडांचे निष्कर्षी ऊर्ध्वपातन (फ्रान्स).

उपउत्पादन : वेगळे झालेले हाफ्नियम नियंत्रक कांड्या व उच्च तापमानाच्या मिश्रधातूंसाठी वापरतात.