धारिया आधी बोलले

मी नीरा डाव्या कालव्याच्या टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, इंदापूर तालुक्यातला शेतकरी. पाणी मिळालं का, यापेक्षा वेळेवर मिळालं का, हे आम्ही आधी विचारतो. पक्षाशी भांडलेल्या पुढाऱ्यांनाही माझा हाच प्रश्न.

मोहन धारिया काँग्रेसचे पुण्याचे खासदार, इंदिरा गांधींच्या सरकारात राज्यमंत्री. जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा, असं ते उघड सांगत राहिले आणि मार्च १९७५ मध्ये मंत्रिपद घालवून बसले. आणीबाणी यायला अजून तीन महिन्यांहून जास्त काळ होता. ती आल्यावरही जुलैच्या अधिवेशनात ते लोकसभेत तिच्या विरोधात बोलले; पुढे तुरुंग आलाच.

लोक एक गोष्ट विसरतात. २५ जूनला ही आणीबाणी आली, तेव्हा देशात आधीची एक आणीबाणी लागूच होती! बांगलादेश युद्धासाठी डिसेंबर १९७१ मध्ये पुकारलेली. ढाक्यात शरणागती होऊन साडेतीन वर्षं उलटली, तरी ती कुणी उठवली नव्हती. विनाचौकशी कोठडीत ठेवणारा मिसा कायदाही १९७१ चाच. युद्धाच्या नावानं घेतलेले अधिकार सरकारच्या हातात तसेच राहिले, आणि काँग्रेसच्या बाकांवर फारसं कुणी हूं की चूं केलं नाही.

आमच्या बारामती लोकसभा मतदारसंघानं १९७७ ला आपला निकाल दिला: निंबुतचे संभाजीराव काकडे, आमचे लाला, जनता पक्षातर्फे निवडून आले. मग जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली. आणीबाणीभर परराष्ट्रमंत्री राहिलेले यशवंतराव चव्हाण इंदिराबाईंच्या विरुद्ध बाजूला. आणीबाणीच्याच काळात राज्यात मंत्री असलेले शरद पवारही त्यांच्याबरोबर. इंदापूरचे शंकरराव पाटील, म्हणजे भाऊ, मात्र १९८० ला इंदिरा काँग्रेसकडूनच बारामतीचे खासदार झाले.

भाऊंना मी नावं ठेवत नाही. आवर्तन, कारखान्याचा परवाना, सगळं सरकारदरबारी अडकलेलं. टेलच्या माणसानं मुंबई-दिल्लीशी वाकडं घ्यायचं म्हणजे उभा ऊस वाळवायचा. पवारांचं बंडही मला मान्य आहे, पण ते दिल्लीची सत्ता गेल्यावरचं. जुलै १९७८ मध्ये पुलोद आघाडीचे मुख्यमंत्री झाले तेव्हा ज्यांच्याबरोबर बसले, त्यातले कितीतरी जण आणीबाणीत कोठडीत होते, आणि साहेब तेव्हा मंत्रालयात. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिराबाईंनी ते सरकार बरखास्त केलं. १९८६ ला साहेब पुन्हा काँग्रेसमध्ये.

धारियांनी त्याच वर्षी वनराई संस्था काढली. पोत्यांचा वनराई बंधारा आमच्या पोरांना माहीत आहे; मंत्रिपद का गेलं, ते मलाच सांगावं लागतं.